पानाखालचं नाणं

पेटी उचलताच मनुबाई थबकल्या. त्यांनी ती पाटावर परत ठेवली, पदर सावरला आणि पुन्हा उचलून पाहिली. तेवढ्यावरून त्यांची थोरली सून आवडा काय ते समजली. तिचे हात चिंचेच्या पाण्यात होते, ते तिथेच राहिले.

माघ शुद्ध तृतीयेची दुपार होती. माणगावहून आलेली गाडी जेवून पुढे गेली होती आणि श्रीवर्धनहून येणारीला अजून तास-दीड तास होता. म्हसळ्याच्या स्टँडसमोरच्या त्या खाणावळीचं पुढचं दार वर्षातून एकदाच भर दिवसा लोटलं जायचं, ते या दिवशी. आत बल्लाळेश्वराची पेटी उघडायची असायची. दुसऱ्या दिवशी पहाटे घरातलं कोणीतरी माणगावला गाडी बदलून पालीच्या जत्रेला जायचं आणि पेटीतलं सगळं देवापुढे ओतून यायचं.

पेटी होती बक्षिशीची. मनुबाईंच्या खाणावळीत कोणी जेवून खूश झालं आणि आणा-दोन आणे देऊ लागलं, तर वाढणारा हात मागे घ्यायचा आणि म्हणायचा, "पानाखाली ठेवा." मग तो माणूस उठताना केळीच्या पानाची कड उचलायचा, खाली नाणं सरकवायचा आणि हात धुवायला जायचा. ज्यानं वाढलं त्यानंच पान उचलायचं, हा त्या घरचा दुसरा नियम. त्याला नाणं सापडायचं आणि ते तो भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या पेटीत टाकायचा. स्वतःजवळ काही ठेवायचं नाही. खाणावळ काढली तेव्हापासून चौदा वर्षं हे असंच चाललं होतं. गोऱ्यांचं राज्य गेलं, एस. टी.च्या गाड्या आल्या, आण्यांच्या जोडीला नवे पैसे आले, तरी पेटी होती तिथेच होती.

त्या नाण्यांना कालवण लागलेलं असायचं. बांगड्याच्या तिखल्याचा वास असलेलं नाणं गणपतीपुढे कसं ठेवायचं? म्हणून आदल्या दिवशी ती चिंचेच्या पाण्यात भिजवून राखेनं घासायची, हे काम थोरल्या सुनेचं. घासून लखलखीत झालेली नाणी तांब्याच्या तपेल्यात पडायची. तपेल्याला आतून मधोमध एक वळी होती. नाणी वळीपर्यंत आली की मनुबाई हात जोडायच्या आणि म्हणायच्या, "पावला." मोजायचं कोणी नाही. देवाचं कशाला मोजायचं?

यंदा मनुबाईंनी कमरेची चावी काढून पेटी उघडली आणि रिकाम्या तपेल्यावर उपडी केली. आवाज झाला, तो लगेच संपला. नाण्यांनी तपेल्याचं बूड झाकलं, एवढंच.

"बस?" बाळाजी म्हणाला.

आवडाचा नवरा म्हणजे मनुबाईंचा थोरला. गल्ल्यावर तोच बसायचा. त्यानं पेटी हातात घेऊन हलवली, आत बोटं घालून चाचपली.

"देवाचं ओझं कमी झालं," तांदळाच्या गोणीवर बसलेला मोरू म्हणाला. "उद्या मीच जाणार हाय ना पालीला, माझ्यावर दया आली त्याला." धाकटा मोरू गिरगावातल्या एका हॉटेलात वेटर होता. जत्रेसाठी चार दिवसांची रजा काढून तो कालच आला होता आणि आल्यापासून भाजलेले वाल खात हिंडत होता. सकाळीच त्यानं आवडाच्या हातावर आठ आण्यांची एक अधेली ठेवली होती. "वयनी, तुम्ही काय जत्रेला येणार न्हाय, दारावर कासार आला की बांगड्या भरा." ती अधेली तिच्या पदराच्या गाठीत होती.

"थट्टा सोड," बाळाजी म्हणाला. "यंदा गाड्या वाढल्या, गिऱ्हाईक वाढलं, अन् पेटी अर्धी पण न्हाय? कोणीतरी हात मारलाय."

मनुबाईंनी भिंतीला पाठ टेकली आणि तपेल्याकडे पाहत राहिल्या. आवडानं मान वर केली नाही. तिच्या कानांत नुसती उकळत्या पाण्यासारखी रटरट चालली होती. हात कोणी मारला, हे त्या घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

गेल्या चैत्रातली गोष्ट. सदू वाढायला होता. सदू म्हणजे मनुबाईंच्या धाकट्या दिराचा मुलगा. बाप गेल्यावर सोळाव्या वर्षी तो इथे आला, तो अकरा वर्षं इथेच वाढत होता. दोन वेळचं जेवण, वर्षाला दोन जोड कपडे आणि सुगीला घरी एक खंडी भात, असं त्याचं ठरलेलं. पगार नाही. घरच्या माणसाला पगार कसला? पैसा लागला की गल्ल्यावर मागायचा. बाळाजी कधी नाही म्हणायचा नाही, पण विचारल्याशिवाय द्यायचाही नाही.

त्या दिवशी सदूच्या तान्ह्या मुलीला खोकला झाला होता. पंगत भरलेली, बाहेर गाडीचं इंजिन चालू. सदू भाताची परात बगलेत धरून गल्ल्यापाशी गेला आणि हळूच काहीतरी बोलला.

"परवाच घेतलेस की," बाळाजी म्हणाला. "आता कशाला?"

सदू पुन्हा बोलला.

"अरे, मोठ्यानं बोल. गाडीचा आवाज किती हाय."

पंगतीतली चार माणसं माना वळवून बघू लागली. सदू म्हणाला, "राहू दे, दादा." आणि वळून भात वाढायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. आवडा चुलीपासच्या दारात उभी होती. पंगतीतल्या माणसांना तिनं कधी नीट पाहिलं नव्हतं, तिला दिसायचे ते हात आणि पानं. पण सदूचे ते कान तिला दिसले आणि दिवसभर दिसत राहिले.

बाळाजीच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं. हेच तर वाईट होतं.

संध्याकाळी सदू विहिरीवरून पाणी घेऊन आला, तेव्हा आवडा त्याला म्हणाली, "सदूभावजी, आत्याबाईंनी सांगितलंय, यापुढं पानाखाली सापडंल ते तुमचं. पण त्यांच्याकडं विषय काढू नका. कोणी उपकार मानले की त्यांचं डोकं फिरतं."

वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत आपण हे बोलणार आहोत, हे तिलाही माहीत नव्हतं. सासूला विचारायची तिची छाती नव्हती. तीन वर्षांपूर्वी सोनाबाई नावाची एक वाढपीण होती. तिनं एकदा दोन आण्यांची एक चवली कनवटीला लावली, तर मनुबाईंनी तिला हातातली ओगराळी खाली ठेवायला लावून त्याच पावली घरी धाडलं होतं. सोनाबाई रडत स्टँडपर्यंत गेली, तरी दार उघडलं नव्हतं.

आणि आता सदू.

"मी सांगतो कोण ते," बाळाजी म्हणाला. "सदूच्या पोरीच्या पायात चांदीचे वाळे आलेत. बारशाला नव्हते, आता आलेत. कुठून आले?"

"सासरकडनं आले असतील," मोरू म्हणाला.

"त्याचा सासरा दुसऱ्याची जमीन कसतो. तो देणार चांदी? अन् दुसरं सांगतो. अब्दुस्समदनं त्याला बोलावलंय. त्याचं नवीन हॉटेल व्हतंय ना पलीकडं, तिथं. परवा दोघं आंब्याखाली बोलत होते, मला बघून गप्प झाले. ज्याला जायचंय तो जाताना हात धुऊन जातो."

"कायच्या काय बोलू नको, दादा."

"मग तू सांग."

मोरूनं मुठीतले वाल परत कागदाच्या पुडीत टाकले. "सांगतो. अकरा वर्षं तो मरमर वाढतोय. आमच्याकडं हॉटेलात नवीन पोरगा लागला तरी महिन्याला पगार मिळतो."

"तुझ्या हॉटेलाचं कवतिक मला सांगू नको. परवा तूच म्हणालास, शेट अर्धाच पगार देतो."

"व्हय, देतो अर्धाच. इचारलं तर म्हणतो, टीप मिळते ना तुम्हाला! म्हणजे माझं पोट कोण भरतो? जो येऊन बसंल तो. एखाद्याचं घरी बायकोशी वाजलेलं असलं की त्या दिवशी माझ्या घरची भाजी गेली. म्हणून म्हणतो, ही टीपच नको. मालकानं पुरता पगार द्यावा अन् गिऱ्हाइकानं जेवून सरळ घरी जावं."

"घरच्या माणसाला पगार द्यायचा? पगार दिला की तो नोकर झाला, मोरू. सदू माझा भाऊ हाय. आज त्याला दिला, उद्या आयेला देऊ? हिला देऊ?" त्यानं आवडाकडे हनुवटीनं दाखवलं.

"द्यावा की," मोरू म्हणाला.

बाळाजी हसला. आवडा हसली नाही.

"ते राहू दे," बाळाजी पुन्हा गंभीर झाला. "पगार नव्हता म्हणून देवाच्या पेटीत हात घालायचा? माझ्याकडं मागितलं असतं, दिलं असतं."

यावर मोरू वालाची पुडी बांधायला लागला. चोरीचा शब्द आला की भांडणारा माणूससुद्धा मागे सरकतो. आवडाला वाटलं होतं, मोरूभावजी आहेत तोवर सदूला कोणी काही करणार नाही. तेही आता जमिनीकडे बघायला लागले होते.

तिनं पाण्यातून हात काढले. पदराला पुसले. बोलायचं तर आत्ताच. बोलल्यावर काय होईल, हे तिला दिसत होतं. सासूच्या नावावर खोटं बोलणारी सून. देवाचा पैसा परस्पर वाटणारी. माहेरी निरोप जाईल, भावकीत चर्चा होईल, अठरा वर्षांत मिळवलेली चुलीपुढची जागा जाईल. आणि बोललं नाही, तर सदू जाईल, तोही चोर म्हणून. म्हसळ्यासारख्या गावात चोर म्हणून निघालेल्याला अब्दुस्समद तरी कशाला ठेवील?

तेवढ्यात मागच्या दारानं सदूच आत आला. उष्टी पानं म्हशीपुढे टाकून तो हात-पाय धुऊन आला होता. तपेल्याभोवती सगळे बसलेले बघून तो आनंदानं म्हणाला, "उघडली पेटी? मला हाक न्हाय मारली ती?"

"बस," बाळाजी म्हणाला.

सदू बसला. त्यानं तपेल्यात डोकावून पाहिलं आणि तो थोडा ओशाळला. "यंदा कमी हाय, न्हाय? मी रोज सकाळचं पहिलं नाणं टाकत होतो. कधी दोन पण टाकली."

"पहिलं नाणं?" बाळाजीनं विचारलं. "अन् बाकीची?"

"बाकीची माझ्याकडं."

इतक्या सरळपणे कोणी चोरी कबूल करत नाही. बाळाजी पुढे सरकून बसला. "तुझ्याकडं म्हणजे?"

"म्हणजे, काकीनं सांगून धाडलं होतं ना." सदूनं मनुबाईंकडे पाहिलं. "पानाखालचं ज्यानं पान उचललं त्याचं. विषय काढू नको, असं पण सांगितलेलं. म्हणून मी कोणाकडं बोललो न्हाय. पण मला बरं न्हाय वाटलं, देवाला काहीच न्हाय, म्हणून पहिलं नाणं टाकत गेलो. काकी, रागावलीस काय?"

बाहेर आंब्याखाली कोणीतरी भाजीची पाटी उतरवत होतं, त्याचा आवाज आत ऐकू आला.

"आत्याबाई," आवडा म्हणाली. "ते मी..."

"तू गप," मनुबाई म्हणाल्या.

"न्हाय, मला सांगू द्या, ते मीच..."

"आवडे, गप म्हणाले ना. चिंचेकडं बघ, पाणी सांडतंय."

पाणी काही सांडत नव्हतं. मनुबाईंनी तिच्याकडे पाहिलं, एकदाच, सरळ. मग त्या बाळाजीकडे वळल्या.

"व्हय. मीच सांगितलं होतं."

"तू?" बाळाजी म्हणाला. "आये, तू? सोनाबाईला तू चवलीसाठी..."

"सोनाबाईचं चुकलं न्हाय, माझं चुकलं. जत्रा होऊ दे, मग तिला निरोप धाड. यायचं असलं तर यावं म्हणावं."

"अन् मला न्हाय सांगितलंस?"

"इसरले. वय झालं. तुला सांगायचं राहिलं, तसं त्याला पण अर्धंच सांगितलं." त्यांनी पाय लांब केले आणि गुडघे चोळले. "सदू, समदभाई काय देतो म्हणाला?"

सदूचा चेहरा पडला. "काकी, मी हो म्हणालो न्हाय."

"काय देतो ते इचारलं."

"पंचवीस रुपये. अन् जेवण."

"अन् तू काय म्हणालास?"

"काकीला इचारून सांगतो म्हणालो."

मोरू मोठ्यानं हसला. "घ्या. याला मुंबईला न्यायला पायजे. दुसऱ्या मालकाकडं जायचं ते पयल्याला इचारून."

मनुबाईही हसल्या. ते हसू आवडानं कितीतरी महिन्यांनी पाहिलं.

"मग पंचवीस," मनुबाई म्हणाल्या. "दर महिन्याच्या पयल्या तारखेला. बाळाजी, तू द्यायचे, त्यानं मागायचे न्हाय. समदभाईपेक्षा कमी नको. जास्त पण नको, शेजार हाय, उगाच चढाओढ नको. सुगीचं भात हाय तसंच."

"आये, पगार घेतला की तो नोकर..."

"दादा," सदू म्हणाला. आपल्यावरचं काय टळलं, याचा त्याला पत्ताच नव्हता, आणि तो अगदी मोकळेपणानं बोलत होता. "राग मानू नको. गल्ल्यापाशी उभं राहून मागायला लागतं ना, तेव्हा मला जास्त नोकर वाटतं."

बाळाजीनं चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "मी कधी न्हाय म्हणालो काय तुला?"

"कधी न्हाय."

"मग?"

"मग काय न्हाय. तू चांगलाच हायेस."

"खोकल्याचं औषध," बाळाजी एकदम म्हणाला. "चैत्रात. ते आणलंस की न्हाय नंतर?"

"आणलं. पानाखालच्यातनं."

बाळाजीनं मान हलवली. मग उठून तो उगाचच पेटीचं झाकण उघडझाप करून बघू लागला. "बिजागरी सैल झालीय हिची," तो म्हणाला. भांडण संपल्याची त्याची तीच खूण होती. बाप मुंबईत गिरणीत असताना वारला, तेव्हापासून वाईट वाटलं की तो काहीतरी दुरुस्त करायला घ्यायचा.

मोरूला मात्र एवढ्यावर भागत नव्हतं. "पगार ठरला, बेस झालं. आता पानाखालचं बंद करा. पगार पण अन् टीप पण, मग दादा उद्या म्हणंल, टीप हाय तर पगार कमी करतो. मी बघितलंय सगळं."

"न्हाय कमी करणार," बाळाजी पेटीकडे बघतच म्हणाला.

"तू न्हाय करणार. तुझा मुलगा करंल."

"बंद नको, मोरूदादा," सदू म्हणाला. "तुझ्याकडं जमत असंल. हितं एक म्हातारी येते, दिवेआगरची. महिन्यातनं एकदा कोर्टाला. एक नवा पैसा ठेवते, तो पण पानाच्या देठाखाली, मला लवकर दिसावा म्हणून. तिला न्हाय कसं म्हणायचं? अन् ड्रायव्हर-कंडक्टर तर फुकट जेवतात, त्यांनाच मी पयलं वाढतो. ठेवतात म्हणून वाढतो, असं न्हायच."

"बरं बाबा," मोरू म्हणाला. "तू अन् तुझी म्हातारी." पण तो आईकडे वळला. "एवढं मात्र कागदावर लिहून भिंतीला लाव, आये. पगार वेगळा, पानाखालचं वेगळं. एकातनं दुसरं कापायचं न्हाय."

"लिव तूच," मनुबाई म्हणाल्या. "तुझं अक्षर बरं हाय. अन् उद्या देवाला एवढंच ने. त्याला म्हणावं, यंदापास्नं ज्यानं त्यानं आपापल्या कमाईतलं आणून द्यावं. वाढप्यांच्या जिवावर मी पुण्य केलं चौदा वर्षं, ते त्यानं बघितलंच असंल."

मोरू कागद शोधायला गेला. बाळाजी आणि सदू पेटी घेऊन ओट्यावर बसले, एकानं बिजागरी धरली, दुसऱ्यानं दगडानं खिळा ठोकला. आवडा तपेलं आणि चिंचेच्या पाण्याचं घंगाळं घेऊन आत आली. नाणी थोडीच होती, घासून लगेच झाली. घासताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडावर हसू होतं. असं होतं कधी कधी. पुढे कितीतरी वर्षांनी नातसुनांना ही गोष्ट सांगताना ती म्हणायची, त्या दिवशी मला जेवढं हलकं वाटलं तेवढं बाळंतपण सुटल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं.

मागे पावलं वाजली. मनुबाई आत आल्या होत्या. त्यांनी दार ओढून घेतलं.

"आत्याबाई," आवडा उठून उभी राहिली.

"बस. पाया-बिया पडू नको. माझ्या नावावर पुन्हा कधी काही सांगायचं असलं, तर मला आधी सांग. मला म्हायती न्हाय अन् लोकं मलाच रागावलीस काय म्हणून इचारतात."

"चुकलं माझं."

"चुकलं खरं." मनुबाई चुलीपाशी पाटावर बसल्या. "पण तुला इचारायची छाती झाली न्हाय, ते माझं चुकलं."

थोडा वेळ त्या राखेत काडीनं रेघा ओढत राहिल्या. मग आवडाकडे न बघता बोलू लागल्या.

"तुझे सासरे गिरणीत असतानाच मी मुंबईत खाणावळ चालवायचे, तुला म्हायती हाय. पंधरा-सोळा गिरणीवाले जेवायला. ते गेले, त्याच्या दुसऱ्याच महिन्याला एक जण जेवून उठला अन् माझ्या हातात चार आणे दिले. छान वाढता म्हणाला. दिले, पण हात सोडीना. पंगतीतले सगळे बघत होते, कोणी काही बोललं न्हाय. चांगली माणसं होती तरी बोलली न्हायत. मी हात ओढला अन् ते नाणं मोरीत टाकलं. रात्रभर हात धूत होते. त्या दिवसापास्नं ठरवलं, माझ्या घरात कोणाच्या हातात कोणी पैसा ठेवायचा न्हाय. अन् ठेवलेला घरात राहायचा न्हाय."

"म्हणून पानाखाली."

"म्हणून पानाखाली. म्हणून चिंच अन् राख." त्यांनी काडी चुलीत टाकली. "पण सदूच्या पानाखालचं ते नाणं न्हवतं. सोनाबाईचं पण न्हवतं. एक घाणेरडा माणूस होऊन गेला, त्याच्या पायी मी सगळ्यांचं धूत बसले."

आवडानं तपेलं भिंतीकडेला सरकवलं.

"जेवलीस काय?" मनुबाईंनी विचारलं.

"तुमचं व्हायचंय ना."

"माझं झालं मघाशी. बस तू."

"आत्याबाई, मी घेते वाढून."

"बस म्हणाले ना."

त्यांनी स्वतः पान धुतलं, मांडलं. भात, वरून कोलंबीचं कालवण, बाजूला वालाची उसळ, मीठ, लोणचं. कालवण थोडं पानाबाहेर गेलं. अठरा वर्षांत सासूनं वाढलेलं आवडा पहिल्यांदा जेवत होती. तिनंच रांधलेलं होतं, तरी चव वेगळी लागली. मनुबाई समोर बसून होत्या. मध्येच विचारायच्या, "भात?" ती मानेनं नको म्हणायची आणि त्या वाढायच्या.

बाहेरून मोरूचा आवाज येत होता. तो लिहिलेलं वाचून दाखवत होता आणि बाळाजी म्हणत होता, "'कापायचं नाही' असं लिव, 'कापू नये' म्हणजे विनवणी वाटते."

लांबून श्रीवर्धनच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. सदूनं पुढचं दार उघडल्याचा करकर आवाज झाला. आवडानं शेवटचा घास घेतला. डाव्या हातानं पदराची गाठ सोडली, आपण काय करतोय याचा विचार न करता. मग उठली आणि पान उचलायला वाकली.

"राहू दे," मनुबाई म्हणाल्या. "वाढलंय कोणी?"

आवडा मोरीवर हात धुवायला गेली. मागे पान उचलल्याची सळसळ झाली.

"हे काय?" मनुबाई म्हणाल्या.

आवडानं वळून पाहिलं. सासूबाईंच्या एका हातात पान होतं, दुसऱ्या हातावर अधेली. कड कालवणात भिजली होती.

"पान उचललं त्याचं," आवडा म्हणाली. "तुम्हीच सांगितलंय."

मनुबाई त्या नाण्याकडे बघत राहिल्या. चिंचेचं पाणी अजून घंगाळ्यात तसंच होतं, हाताच्या अंतरावर. राखही होती. त्यांनी तिकडे एकदा पाहिलं. मग पान कोपऱ्यात ठेवलं, अधेली लुगड्याला पुसली आणि कनवटीला लावली.

"गाडी आली," त्या म्हणाल्या. "भात चढव."